अडुळसा ते इनहेलर: झाडांनी श्वासाला नेमकं काय दिलं?

रानजाई:
नमस्कार मंडळी,
गेली १९ वर्षं दमा सोबतीला आहे, त्यामुळे औषधांची नावं तोंडपाठ आहेत. ती आली कुठून, हा प्रश्न मात्र कधी पडला नव्हता. परवा खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातली ती आठ घड्यांची चिठ्ठी उलगडून वाचत बसले. अँब्रोक्सॉल. त्या नावाचा माग काढत ब्रोमहेक्सिनपाशी पोचले, तिथून व्हॅसिसिनपाशी, आणि व्हॅसिसिन निघालं थेट अडुळशाच्या पानातलं! मग बाकीची औषधंही धुंडाळली, तर बहुतेकांच्या मागे कुठलं ना कुठलं झाड उभं.

तेव्हापासून चैन नाही. औषध झाडातूनच आलं असेल तर सरळ झाडच का घेऊ नये? ओळखीतल्या एका व्यक्तीने मला ठासून सांगितलं आहे की इनहेलर म्हणजे रसायन आणि अर्क म्हणजे निसर्ग, तेव्हा इनहेलर हळूहळू सोडून दे. तिच्या बोलण्यात तथ्य आहे की नाही, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे. ज्यांनी या विषयात काम केलंय, ज्यांनी स्वतः अनुभव घेतलाय, त्यांनी सविस्तर लिहा. घाई नाही.

पाखरू:
वाचतेय. लेकाला बालदमा आहे, त्यामुळे अगदी जिव्हाळ्याचा विषय. धागा वर ठेवा.

प्रयोगवही:
रानजाई, अडुळशापासूनच सुरुवात करू, कारण माझी उमेदवारीची दोन वर्षं त्याच्या पानांत गेली आहेत.

व्हॅसिसिन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत बनणारं नायट्रोजनयुक्त रसायन, डेव्हिड हूपर यांनी १८८८ मध्ये वेगळं काढलं. पान वाळवताना आणि साठवताना हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यातलं काही व्हॅसिसिन बदलून व्हॅसिसिनोन होतं. हे व्हॅसिसिनोन श्वासनलिका सैल करतं, असा शोधनिबंध १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये आला. म्हणजे ताजं पान आणि सहा महिने बरणीत पडलेलं पान ही रसायनाच्या हिशेबात एक वस्तू नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सिलिकाचा थर दिलेल्या काचेच्या पट्टीवर अर्काचे थेंब ओळीने ठेवायचे, पट्टीचं एक टोक द्रावकात बुडवायचं, द्रावक वर चढू द्यायचा. पट्टी वाळली की ड्रॅगेनडॉर्फचा फवारा मारायचा. जिथे अल्कलॉइड आहे तिथे नारिंगी ठिपका उमटतो. मी एकाच जातीच्या, पण वेगवेगळ्या ऋतूंत तोडलेल्या पानांचे पाच अर्क शेजारीशेजारी चढवले होते. पहिला ठिपका ठसठशीत, तिसरा फिकट, पाचवा जेमतेम दिसेल न दिसेल असा. पाचही बाटल्यांवर मीच एकच नाव लिहिलं होतं: अडुळसा. त्या दिवशी मला 'मात्रा' या शब्दाचा अर्थ कळला.

आता ब्रोमहेक्सिन. ते पानात नसतं. रसायनतज्ज्ञांनी व्हॅसिसिनचा सांगाडा समोर ठेवला, त्यातलं एक कडं उघडलं, ब्रोमिनचे दोन अणू जोडले आणि १९६३ मध्ये ते औषध म्हणून आलं. पुढे लक्षात आलं की शरीर ब्रोमहेक्सिनचं रूपांतर ज्या पदार्थांत करतं त्यातला एक स्वतःच कामाचा आहे. तो म्हणजे अँब्रोक्सॉल. कफ पातळ करणं हे त्याचं मुख्य काम. शिवाय तो मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग रोखतो, म्हणून घसादुखीच्या चघळायच्या गोळ्यांतही असतो. तेव्हा अँब्रोक्सॉल अडुळशाचा नातू म्हणा हवं तर, पण नातू म्हणजे आजोबा नव्हेत.

शीतलवारा:
'नातू म्हणजे आजोबा नव्हेत' हे फार आवडलं. मीही वाचतोय.

जुना_दमेकरी:
मंडळी, मी ७१ वर्षांचा आहे आणि दमा माझ्यापेक्षा फक्त सहा वर्षांनी लहान. त्यामुळे ही औषधं पुस्तकातून नाही, छातीतून ओळखतो.

आमच्या वेळी थिओफिलिनचं राज्य होतं. हाही झाडाचाच रेणू. आल्ब्रेख्त कोसेल यांनी चहाच्या पानांतून १८८८ मध्येच शोधलेला. अडुळशाचं आणि याचं साल एक निघालं, हे प्रयोगवहींचा प्रतिसाद वाचताना आत्ता ध्यानात आलं आणि गंमत वाटली. औषध गुणकारी, पण भारी हट्टी. रक्तातलं प्रमाण मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅमच्या पट्ट्यात ठेवायचं असं तेव्हा सांगत. खाली गेलं तर छाती मोकळी होत नाही. वर गेलं तर मळमळ, हाताला कंप, काळजाची धडधड, आणि फारच वर गेलं तर झटके.

माझ्या बाबतीत ते वर गेलं होतं. औषध नेहमीचंच, मात्रा नेहमीचीच. भर पडली होती ती एका कॅप्सुलची: मिरीच्या अर्काची, 'शोषण वाढवणारी'. देणाऱ्याने मी आणखी काय घेतो ते विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही, कारण ते माझ्या लेखी औषधच नव्हतं. आठव्या दिवशी पहाटे उठलो तर पेला ओठांपर्यंत नेताना निम्मं पाणी अंगावर. उलट्या. नाडी मोजता येईना इतकी पळत होती. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा उलगडा झाला. घरच्यांना फार घाबरवलं त्या दिवशी. म्हणून सांगतो, रानजाई, जे काही घ्याल ते तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. पानसुद्धा.

केतकी_फार्मा:
काका, वाचून अंगावर काटा आला. बरे आहात हे महत्त्वाचं.

तुमच्यासोबत जे झालं त्याची यंत्रणा अशी. मिरी-पिंपळीतलं पायपरिन यकृतातल्या आणि आतड्यातल्या, औषधं मोडून टाकणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) आवर घालतं. विकर सुस्तावले की औषध रक्तात जास्त काळ, जास्त प्रमाणात राहतं. रोज २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर निरोगी माणसांच्या रक्तातही थिओफिलिनचं प्रमाण वाढतं, हे १९९१ मध्येच छापून आलंय. थिओफिलिनचा पट्टा मुळात अरुंद, त्यामुळे थोडी वाढही महागात पडते. हेच काही प्रतिजैविकांमुळेही होतं. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि एरिथ्रोमायसिन ही नावं लक्षात ठेवा. उलट धूम्रपान करणाऱ्याचं शरीर थिओफिलिन भराभर संपवतं. म्हणून एखाद्याने सिगारेट सोडली की त्याची जुनी मात्रा अचानक जास्त ठरू शकते. सिगारेट सोडायचीच, फक्त डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घ्यायची.

आणि याच गुणाचा कोणी विचारपूर्वक उपयोगही केलाय. जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनातून क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड आणि १० मिलिग्रॅम पायपरिन असं एकत्र औषध २००९ मध्ये बाजारात आलं. नेहमी ४५० मिलिग्रॅम लागणाऱ्या रिफॅम्पिसिनऐवजी त्यात २०० मिलिग्रॅम आहे. रेणू तोच. एका ठिकाणी मात्रा मोजून, रक्त तपासून वापरला. दुसऱ्या ठिकाणी कोणाला पत्ता नसताना पोटात गेला.

पाखरू:
केतकी, एक शंका. लेकाच्या फुंकायच्या तपासणीआधी सांगितलं होतं की चहा-कॉफी देऊ नका. त्याचा याच्याशी काही संबंध?

केतकी_फार्मा:
थेट संबंध. कॅफिन आणि थिओफिलिन एकाच कुळातले. कॅफिननेही श्वासनलिका थोड्या सैलावतात आणि तो परिणाम चार तासांपर्यंत टिकू शकतो. मग तपासणीत फुप्फुसं आहेत त्यापेक्षा बरी दिसतात. उपचार म्हणून कॅफिन पुरेसं नाही, पण तपासणी बिघडवायला पुरेसं आहे.

वैद्य_मृण्मयी:
चर्चा चांगली चाललीय. मी आयुर्वेदाची पदवीधर आहे आणि २२ वर्षं रुग्ण बघते, तेव्हा माझी बाजू मांडते. काही ठिकाणी मतभेद आहे.

'झाड म्हणजे कच्चा माल आणि प्रयोगशाळेतला रेणू म्हणजे पक्का माल' असा सूर लागतोय तो मला मान्य नाही. वनस्पतीत एक रेणू एकटा नांदत नाही. सोबतचे घटक शोषण बदलतात, दाह कमी करतात, कधी एकमेकांची तीव्रता सौम्य करतात. आयव्हीच्या पानांचा अर्क घ्या. युरोपात खोकल्यासाठी तो पूर्ण अर्क म्हणूनच देतात, त्यातल्या सॅपोनिनांचं, म्हणजे साबणासारखा फेस आणणाऱ्या घटकांचं, प्रमाण ठरवून. निलगिरीतल्या सिनिओलवर जर्मनीत झालेली चाचणी घ्या. तोंडाने स्टेरॉइड घ्यावं लागणारे ३२ दमेकरी, निम्म्यांना २०० मिलिग्रॅम सिनिओल दिवसातून तीनदा, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल, १२ आठवडे. सिनिओल गटात स्टेरॉइडची मात्रा सरासरी ३६ टक्क्यांनी कमी करता आली, दुसऱ्या गटात ७ टक्क्यांनी. हा निबंध २००३ चा. पुढे २००९ मध्ये सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या जुनाट फुप्फुसविकाराच्या, २४२ रुग्णांवरची चाचणी आली, त्यातही आजार उसळण्याचं प्रमाण घटलं. वनस्पतीला काही सिद्धच करता आलेलं नाही, असं कोणी म्हणू नये.

आणि तितक्याच ठामपणे: दम्याचा झटका आलेला माणूस माझ्या दारात आला तर मी काढा देत बसत नाही. आधी इनहेलर, मग पुढचं. कुठलाही जबाबदार वैद्य हेच करेल. अडुळशाबद्दल आणखी एक. गर्भवतीला मी तो देत नाही, कारण व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचन घडवतं. 'निसर्ग' म्हणून हात जोडणाऱ्यांनी हे जरूर लिहून ठेवावं.

प्रयोगवही:
मृण्मयीताई, प्रतिसाद मनापासून आवडला, आणि सिनिओलचं उदाहरण अगदी चपखल. फक्त त्यात एक गंमत आहे. त्या चाचणीत निलगिरीचा पाला नव्हता. शुद्ध सिनिओल होतं, प्रत्येक कॅप्सुलमध्ये मोजून २०० मिलिग्रॅम. म्हणजे ते उदाहरण तुमच्याइतकंच माझ्याही बाजूचं आहे. शिवाय तिथे सिनिओल नेहमीच्या उपचाराच्या जोडीला दिलं होतं, त्याच्या जागी नाही. हा फरक रानजाईंच्या प्रश्नासाठी कळीचा आहे.

पूर्ण वनस्पतीची चाचणी किती अवघड असते याची एक हकिगत सांगतो. अंतमूळ, म्हणजे टायलोफोरा इंडिका. दम्यासाठी जुनी ख्याती. १९६० च्या दशकात दिल्लीत डॉ. शिवपुरी यांनी याची रीतसर चाचणी घेतली. रुग्णाने रोज एक पान चावून खायचं, असे सहा दिवस. दुसऱ्या गटाला दुसऱ्याच वनस्पतीचं पान. आठवड्याअखेर अंतमूळ गटात ६२ टक्के लोकांना आराम, दुसऱ्या गटात २८ टक्के. सहा दिवस पान खायचं आणि आराम पुढे काही आठवडे टिकायचा, हे ऐकून मी तर थरारलो होतो. आजही तो निबंध काढून वाचतो.

आता अडचण बघा. अंतमुळाचं पान चावलं की तोंड सोलवटतं, खारट चव कळेनाशी होते, मळमळतं, काहींना उलटी होते. मग कोणाला खरं पान मिळालंय हे रुग्णाला कळणार नाही का? आणि एकदा कळलं की 'बरं वाटतंय' या उत्तराचं वजन किती धरायचं? पुढे १९७९ मध्ये १३५ रुग्णांवरची दुहेरी अंध चाचणी (कोणाला काय दिलंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही) प्रसिद्ध झाली, तिच्यात काही फरक दिसला नाही.

वैद्य_मृण्मयी:
मान्य. अंतमुळाच्या बाबतीत चाचणीचं अंधत्व टिकत नाही हा मुद्दा मी इतक्या स्पष्टपणे आधी वाचला नव्हता. पण मग याचं उत्तर 'सोडून द्या' हे नाही. त्यातला घटक मोजून, चव लपेल अशा कॅप्सुलमध्ये भरून, मोठ्या गटावर, फुंकायच्या तपासणीसकट पुन्हा करा. ते झालं नाही याची मला खंत आहे. आमच्याकडेही आणि तुमच्याकडेही ते करणारे कमी पडले.

प्रयोगवही:
या प्रत्येक शब्दाला +१.

थेंबथेंब:
थोडा वेगळा प्रश्न. जुन्या पुस्तकात वाचलं की दम्याला धोतऱ्याची पानं चिलमीत घालून ओढत. धोतरा तर विष ना? हे खरं आहे का?

काळवेळ:
खरं आहे, आणि तुमचा प्रश्न अजिबात वेगळा नाही. ही पद्धत १८०२ मध्ये मद्रासहून ब्रिटनमध्ये गेली आणि पुढे शंभर-दीडशे वर्षं 'दम्याच्या सिगारेटी' तिकडे औषधाच्या दुकानांत मिळत. धोतऱ्यात अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं. श्वासनलिकेभोवतीच्या स्नायूला 'आवळ' असा निरोप देणारं रसायन असिटिलकोलीन. ते ज्या कुलपात किल्लीसारखं बसतं तिथे अॅट्रोपिन आधीच जाऊन बसतं, म्हणून नळी सैल होते. पण तशीच कुलपं हृदयात, डोळ्यांत, मूत्राशयात आणि मेंदूतही आहेत. त्यामुळे तोंडाला कोरड, बाहुल्या विस्फारलेल्या, भ्रम, आणि थोडी मात्रा चुकली तर मृत्यू. कोणीही चुकूनही करून बघू नका.

मग रसायनतज्ज्ञांनी जे केलं ते मला कवितेइतकं सुंदर वाटतं. अॅट्रोपिनच्या नायट्रोजनला त्यांनी एक जास्तीची शाखा जोडली, त्यामुळे त्या रेणूवर कायमचा धनभार आला. असा भार असलेला रेणू पेशींच्या स्निग्ध पडद्यातून सहज आत शिरत नाही. फुंकून घेतला की श्वासनलिकेत काम करतो, पण रक्तात फारसा उतरत नाही आणि मेंदूत तर जवळपास जातच नाही. हेच इप्राट्रोपियम. टायोट्रोपियम त्याच घराण्यातलं, पण कुलपात इतकं घट्ट बसतं की दिवसातून एकदा पुरतं.

जुना_दमेकरी:
काळवेळ, मी सध्या टायोट्रोपियमवरच आहे! रोज सकाळी घेतो आणि यात धोतरा आहे हे आज कळतंय. लेकीला वाचून दाखवलं.

शीतलवारा:
अवांतर वाटलं तर माफ करा. सर्दीने नाक चोंदलं की मेंथॉल हुंगतो आणि क्षणात मोकळं वाटतं. मग ते काम करतंच ना?

केतकी_फार्मा:
मोकळं 'वाटतं' हा तुमचाच शब्द अचूक आहे. नाकातून हवा जाताना होणारा अडथळा यंत्राने मोजला तर मेंथॉल हुंगण्याआधी आणि नंतर तो तेवढाच राहतो. मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या टीआरपीएम८ नावाच्या ग्राहीला (पेशीवरच्या, निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला) चेतवतं. गार हवा आत जातेय असा निरोप मेंदूला जातो आणि मेंदू त्याचा अर्थ 'नाक उघडलं' असा लावतो. ही ग्राही २००२ मध्ये ओळखली गेली. ज्या दोन शास्त्रज्ञांनी ते स्वतंत्रपणे केलं, त्या डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पाटापूशियन यांना उष्णता आणि स्पर्शाच्या ग्राहींच्या शोधासाठी २०२१ चं नोबेल मिळालं. सर्दीत तेवढा दिलासाही काही कमी नाही. मात्र तान्ह्या बाळांच्या नाकाजवळ मेंथॉल किंवा कापूर नको, त्यांचा श्वास अडकू शकतो. आणि दम्यात छाती भरलेली असताना 'मोकळं वाटतंय' म्हणून थांबून राहणं धोक्याचं.

सुगरणपक्षी:
हळदीबद्दल कोणीच कसं बोललं नाही? करक्युमिनवर हजारो निबंध आहेत. दाह कमी करतं म्हणतात, आणि दमा म्हणजे दाहच ना?

प्रयोगवही:
निबंध हजारोंनी आहेत, आणि तीच दुखरी बाजू. २०१७ मध्ये रसायनशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी करक्युमिनचा सगळा लेखाजोखा मांडला. काचेच्या नळीतल्या चाचण्यांना करक्युमिन फसवतं: ते स्वतः चमकतं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, द्रावणात अस्थिर असतं. त्यामुळे प्रत्येक चाचणीत 'परिणाम दिसला' असंच उत्तर येतं. पोटातून रक्तात मात्र ते नावाला पोचतं. १२० हून अधिक चाचण्या झाल्या तरी दुहेरी अंध, निष्क्रिय औषधाशी तुलना केलेली एकही यशस्वी ठरली नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

शोषण वाढवायला पायपरिन जोडतात. २० मिलिग्रॅम पायपरिनने शोषण २००० टक्क्यांनी वाढल्याचा निबंध १९९८ मध्ये बंगळूरमधून आला होता. आता काकांची कॅप्सूल आठवा. अशा जास्त शोषणाच्या हळदीच्या कॅप्सुलांनी यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंदही अमेरिकेत आहे.

काळवेळ:
मला इथे एका माणसाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. रॉजर अल्टौन्यान. स्वतः दमेकरी, स्वतः डॉक्टर. इजिप्तमध्ये पूर्वापार वापरात असलेल्या अम्मी व्हिस्नागा या वनस्पतीत खेलिन नावाचा रेणू आहे, तो स्नायू सैल करतो. खेलिनसारखे नवनवे रेणू बनवून त्यांच्या कंपनीत प्राण्यांवर तपासत. अल्टौन्यान म्हणाले, प्राण्यांना माझ्यासारखा दमा होत नाही. त्यांना गिनीपिगच्या केसांची अॅलर्जी होती. मग ते नवा रेणू फुंकून घ्यायचे, नंतर गिनीपिगच्या कोंड्याचा अर्क फुंकून स्वतःवर झटका आणायचे आणि श्वास किती उरला ते मोजायचे. असं शेकडो वेळा, वर्षानुवर्षं.

१९६५ मध्ये सोडियम क्रोमोग्लायकेट हाती लागलं. आलेला झटका ते थांबवत नव्हतं, पण आधी घेतलं तर झटका येतच नव्हता. खेलिनचा स्नायू सैल करण्याचा गुण त्यात उरलाच नव्हता. हा गुणच नवा होता, झाडात कोणी न शोधलेला. आणि प्राण्यांवर तो दिसलाही नसता. आज हे औषध मागे पडलंय, पण 'झटका आल्यावर' ऐवजी 'झटका येऊ नये म्हणून' हा विचार रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

पाखरू:
स्वतःवर शेकडो झटके... लेकाचा एक झटका बघवत नाही मला. डोळे भरून आले.

थेंबथेंब:
मग आपलं निळं इनहेलर? तेही झाडातलंच?

काळवेळ:
त्यातलं औषध म्हणजे साल्ब्युटामॉल, ते १९६९ मध्ये आलं. ते झाडातून निघालेलं नाही, आपल्याच शरीरातल्या अॅड्रेनलिनच्या आराखड्यावर बेतलेलं आहे. पण तिथेही वाटेवर एक झाड भेटतं. चीनमधल्या माहुआंग या वनस्पतीतून नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये एफेड्रिन वेगळं केलं आणि १९२४ मध्ये चेन आणि श्मिट यांनी त्याचं काम जगापुढे मांडलं. अॅड्रेनलिन पोटात टिकत नाही, एफेड्रिन टिकायचं, म्हणून दम्याला मोठा आधार झाला. पण छाती मोकळी करताना रक्तदाब आणि हृदयाचे ठोकेही वाढवायचं. साल्ब्युटामॉल मुख्यतः श्वासनलिकेतल्या बीटा-२ ग्राहींवरच बसतं. आणि हीच माहुआंग वजन घटवायच्या गोळ्यांत भरून विकली जाऊ लागली तेव्हा हृदयविकार आणि मृत्यूंच्या नोंदी झाल्या. अमेरिकेने २००४ मध्ये त्या गोळ्यांवर बंदी घातली.

रानजाई:
सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काहींचे वहीत उतरवून घेतले. आता एक सांगायचं आहे, ते मी मूळ लेखात लिहिलं नव्हतं.

मी इनहेलर सोडायचा 'विचार' करत नव्हते. दोन आठवड्यांपूर्वी रोजचा, स्टेरॉइडचा इनहेलर बंद केला आहे आणि एक अर्क घेते आहे. पहिले आठ-दहा दिवस काहीच झालं नाही, त्यामुळे वाटलं की जमतंय. गेले चार दिवस पहाटे तीनच्या सुमारास जाग येते, उशी उंच करून बसते. निळा इनहेलर दिवसातून पाच-सहा वेळा लागतोय. काकांचा पेल्याचा प्रसंग वाचला आणि हे लपवून ठेवणं बरोबर नाही असं वाटलं.

वैद्य_मृण्मयी:
रानजाई, वैद्य म्हणून आणि बहीण म्हणून सांगते: आजच्या आज तुमच्या डॉक्टरांकडे जा, उद्यावर टाकू नका. पहाटे जाग येणं आणि निळा इनहेलर इतक्यांदा लागणं म्हणजे दमा हाताबाहेर चाललाय. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर वाटले किंवा निळ्या इनहेलरने आराम पडत नसेल तर डॉक्टरांची वेळ घेत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा. अर्काची बाटली सोबत न्या, तिच्यावर काय लिहिलंय ते त्यांना दाखवा.

केतकी_फार्मा:
ताईंनी लिहिलंय तसंच करा. आणि स्वतःला दोष देऊ नका, यात फसायला होतं त्याचं कारण आहे. स्टेरॉइडचा इनहेलर नळीची सूज दाबून ठेवतो. बंद केला तरी सूज लगेच परतत नाही, दिवसादिवसाने चढते. त्या मधल्या दिवसांत तुम्ही जे काही घेत असाल, मग तो अर्क असो की साखरेची गोळी, त्याला श्रेय मिळतं.

जुना_दमेकरी:
पोरी, आधी जा. धागा इथेच आहे.

सुगरणपक्षी:
काळजी वाटतेय. पोचलात की एक ओळ टाका.

रानजाई:
जाऊन आले. नेब्युलायझर दिला, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, रोजचा इनहेलर पुन्हा सुरू. फुंकणीवर (श्वास किती जोराने बाहेर पडतो ते मोजायच्या नळीवर) माझा नेहमीचा आकडा ३८० असतो, काल २४० आला. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं, रागावले नाहीत. अर्काची बाटली हातात घेऊन शांतपणे वाचली आणि म्हणाले, यात काय आहे आणि किती आहे, दोन्ही यावर लिहिलेलं नाही. प्रयोगवहींचा पाचवा ठिपका डोळ्यांसमोर आला.

थेंबथेंब:
हुश्श. बरं झालं गेलात.

काळवेळ:
रानजाई, फार बरं वाटलं. आता सवड झाली की तुमच्यासाठी एक गोष्ट: तुम्ही बंद केलेल्या स्टेरॉइडच्या मागेही एक कंद आहे. १९४० च्या दशकात रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतल्या रानकंदातल्या डायोस्जेनिनपासून स्टेरॉइड संप्रेरकं बनवायची वाट काढली आणि पूर्वी सोन्यासारखी दुर्मिळ असलेली ही औषधं आवाक्यात आली. कंद खाऊन मात्र स्टेरॉइड मिळत नाही. डायोस्जेनिनचं ते रूपांतर आपलं शरीर करू शकत नाही, प्रयोगशाळेतच करावं लागतं.

रानजाई:
म्हणजे ज्याला मी 'रसायन' म्हणून बाजूला ठेवलं होतं तेच झाडातून आलेलं, आणि ज्याला 'निसर्ग' म्हणून घेतलं त्यात झाड किती होतं हेच ठाऊक नाही. माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला मिळालं.

आज सकाळचा आकडा ३४०. रात्री सलग झोपले. पुढच्या भेटीत सिनिओलबद्दल विचारणार आहे, इनहेलरच्या जोडीला चालेल का म्हणून. मृण्मयीताई, त्या दोन्ही चाचण्यांची सालं लिहून ठेवली आहेत. आणि काळवेळ, तो धनभार असलेला नायट्रोजन अजून नीट कळला नाही. अॅट्रोपिन आणि इप्राट्रोपियम शेजारीशेजारी काढून दाखवाल का कोणी?

प्रयोगवही:
काढतो. संध्याकाळी वहीवर दोन्ही आकृत्या काढून फोटो टाकतो. जोडलेली शाखा लाल पेनाने.